सॅलॅमँडरच्या पायांचा सांगाडा कसा अभ्यासावा : प्रयोगशाळेतील पद्धती आणि त्यांचा क्रम

सॅलॅमँडर या शेपटी असलेल्या उभयचर प्राण्याच्या पायांच्या सांगाड्यावर काम सुरू करणारा विद्यार्थी सहसा पहिल्यांदा विचारतो की रंग कोणता वापरावा. त्याआधी ठरवायची गोष्ट वेगळी आहे : हा नमुना कोणकोणत्या पद्धतींमधून न्यायचा आहे आणि कोणत्या क्रमाने. कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचिक ऊती) निळी करणारे नेहमीचे द्रावण आम्लयुक्त असते आणि ते हाडातील कॅल्शियम हळूहळू विरघळवते. मऊ ऊती पारदर्शक करणारे विकर (एन्झाइम) प्रथिने पचवते, त्यामुळे त्या नमुन्याचे पुढे चांगले सूक्ष्मछेद, म्हणजे सूक्ष्मदर्शकासाठीचे अतिशय पातळ काप, मिळत नाहीत. आणि छेद घेण्यासाठी कॅल्शियम काढून टाकले की क्ष-किरणांना पाहण्यासारखे काही उरत नाही. प्रत्येक पद्धत काहीतरी दाखवते आणि त्याच वेळी काहीतरी कायमचे पुसून टाकते. म्हणून कामाची आखणी करताना ज्या पायऱ्या परत फिरवता येत नाहीत त्या शक्य तितक्या शेवटी ठेवाव्यात. पुढील मजकूर याच दृष्टीने लिहिला आहे. उदाहरणे बहुतांशी ॲक्सोलॉटलची आहेत, कारण प्रयोगशाळांमध्ये सर्वाधिक पाळला जाणारा सॅलॅमँडर तोच आहे; मात्र प्ल्युरोडेलिस किंवा नोटोफ्थॅल्मस या न्यूटांनाही (न्यूट हा सॅलॅमँडरांचाच एक गट) बहुतेक सूचना थोड्याफार फरकाने लागू पडतात.

काय शोधायचे आहे

रंगवण्याआधी सांगाड्याचा आराखडा डोक्यात पक्का हवा. पुढच्या पायात दंडाचे एक हाड म्हणजे ह्युमरस, त्यापुढे रेडियस आणि अल्ना ही जोडी, मग मनगटाचे छोटे घटक, तळव्याची लांबट हाडे आणि शेवटी बोटांची पेरे असा क्रम असतो. मागच्या पायात फीमर, मग टिबिया व फिब्युला, आणि पुढे घोट्याचे घटक असतात. पुढच्या पायाला चार आणि मागच्या पायाला पाच बोटे असतात. ॲक्सोलॉटलच्या पुढच्या पायातील पेऱ्यांची संख्या पहिल्या बोटापासून क्रमाने २-२-३-२ अशी असते. मनगटात साधारणपणे आठ घटक मोजता येतात : रेडिएल, इंटरमीडियम, अल्नेअर, सेंट्राले, ‘वाय’ नावाने ओळखला जाणारा घटक, पहिल्या दोन बोटांना मिळून आधार देणारे बेसाले कम्यून, आणि तिसऱ्या व चौथ्या बोटांच्या तळाशी असलेली दोन दूरस्थ कार्पले. हे बेसाले कम्यून सॅलॅमँडरांचे खास वैशिष्ट्य आहे, आणि पायाची दिशा चुकली असेल तर ती बहुधा त्याच्यावरूनच लक्षात येते.

दुसरे वैशिष्ट्य वाढीच्या क्रमात आहे. बेडूक, पक्षी, सस्तन यांच्या पायात करंगळीच्या बाजूचे घटक आधी आकार घेतात; सॅलॅमँडरांत मात्र अंगठ्याच्या बाजूची पहिली दोन बोटे आधी दिसू लागतात आणि तिसरे व चौथे बोट मागाहून येते. त्यामुळे लहान अळीच्या (सॅलॅमँडरच्या पिल्लावस्थेच्या) पायात दोनच बोटे दिसली तर तो दोष समजू नये. आणखी एक गोष्ट : ॲक्सोलॉटल आयुष्यभर अळीचीच ठेवण राखतो आणि त्याच्या मनगटाचे व घोट्याचे घटक दीर्घकाळ कूर्चेचेच राहतात. लांब हाडांनाही बराच काळ मध्यभागाभोवती खनिजाची एक पातळ नळी आणि दोन्ही टोकांना कूर्चेची मोठी टोपणे असतात. हे ठाऊक नसलेला माणूस फक्त हाडाचा लाल रंग वापरतो, मनगटाच्या जागी रिकामी पोकळी पाहतो आणि घटक तयारच झाले नाहीत असे वहीत नोंदवतो. रंग दिसला नाही एवढ्यावरून घटक नाही असे कधीही लिहू नये. ज्या पद्धतीत तो दिसायला हवा होता ती वापरून पाहिल्यानंतरच तसे लिहावे.

प्राण्याचा इतिहास

सॅलॅमँडर तोडलेला पाय पुन्हा उगवतो, हे स्पालान्झानी यांनी १७६८ साली नोंदवले. या गुणाचे कौतुक पुष्कळ होते, पण सांगाड्याच्या अभ्यासकासाठी ती मोठी अडचणही आहे, आणि तिच्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. ॲक्सोलॉटलच्या अळ्या दाटीने ठेवल्या आणि खाणे कमी पडले की एकमेकींचे पाय तोडतात. तो पाय काही आठवड्यांत परत येतो, बाहेरून अगदी नीट दिसतो, आणि वर्षभराने तोच प्राणी ‘न कापलेला’ म्हणून तुलनेसाठी निवडला जातो. पुन्हा उगवलेल्या पायात मनगटाचे दोन घटक एकत्र जुळलेले असणे, एखादा कमी असणे किंवा पेऱ्यांची संख्या वेगळी असणे मूळ पायापेक्षा अधिक वेळा आढळते. म्हणजे तुलनेचा नमुनाच बिघडलेला असतो आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

माझ्या एका जुन्या कामात तुलनेच्या गटातील अनेक पायांमध्ये इंटरमीडियम आणि अल्नेअर जुळलेले दिसू लागले, तेव्हा आम्ही तीन आठवडे आहारात आणि पाण्यात दोष शोधत बसलो. कारण शेवटी पालनाच्या नोंदवहीत सापडले : त्या अळ्या पहिले दोन महिने एकाच मोठ्या टाकीत होत्या. तेव्हापासून सांगाड्याच्या अभ्यासासाठी लागणाऱ्या अळ्या पाय फुटण्याच्या सुमारास वेगवेगळ्या भांड्यांत ठेवाव्यात, दर आठवड्याला चारही पायांचे छायाचित्र काढावे आणि प्रत्येक प्राण्याचा क्रमांक शेवटच्या बाटलीपर्यंत त्याच्याबरोबर जावा, असा नियम मी पाळतो. पाण्याचे तापमान १८ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर ठेवावे, कारण वाढीचा आणि पुनर्जननाचा वेग तापमानावर अवलंबून असतो आणि दोन गटांतील दोन अंशांचा फरकही तुलना बिघडवू शकतो.

प्राणी प्रयोगशाळेत वाढवलेले असावेत, निसर्गातून पकडलेले नसावेत. मेक्सिकोतील सोचिमिल्को परिसरातील मूळ ॲक्सोलॉटल अतिशय धोक्यात आहे आणि त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या धोक्यातील प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे. शिवाय सॅलॅमँडरांना मारक ठरणारी त्वचेवरची बुरशी बाहेरून आलेल्या प्राण्यांबरोबर आत येऊ शकते. पुढची कोणतीही पायरी हाती घेण्याआधी संस्थेच्या प्राणी-नीती समितीची लेखी मंजुरी हवी, आणि त्या मंजुरीत भुलीची मात्रा, प्राण्यांची संख्या व वेदनाशमन यांचा स्पष्ट उल्लेख हवा.

भूल आणि स्थिरीकरण

भुलीसाठी एमएस-२२२ म्हणजेच ट्रायकेन मिथेनसल्फोनेट किंवा बेन्झोकेन वापरतात. एमएस-२२२ पाण्यात विरघळवले की द्रावण आम्ल होते आणि प्राण्याच्या ओल्या त्वचेला झोंबते, म्हणून सोडियम बायकार्बोनेट घालून त्याचा पीएच ७ ते ७.५ वर आणल्याशिवाय प्राणी त्यात ठेवू नये. मोठ्या ॲक्सोलॉटलसाठी सुमारे ०.१ टक्का द्रावण पुरते, अळ्यांसाठी त्याहून बरेच सौम्य लागते. उलटे केल्यावर प्राणी सरळ होत नाही आणि बोट चिमट्याने हलके दाबल्यावर पाय ओढून घेत नाही, तेव्हा भूल पुरेशी झाली असे समजावे. श्वसनाचा मोठा भाग त्वचेतून होत असल्यामुळे काम चालू असताना अंग सतत ओले ठेवावे. नमुन्यासाठी प्राण्याचा अंत करायचा असेल तर मंजूर केलेली वाढीव मात्रा आणि पुरेसा वेळ द्यावा. उभयचरांचे हृदय बराच वेळ चालू राहते, त्यामुळे हृदयाचे ठोके थांबल्याची खात्री करून दुसऱ्या मान्य पद्धतीने मृत्यू पक्का केल्याशिवाय पाय वेगळा करू नये.

पाय वेगळा करताना खांद्याचा किंवा कमरेचा थोडा भाग बरोबर घ्यावा, म्हणजे ह्युमरस किंवा फीमरचे वरचे टोक कापले जात नाही. नमुना ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये ४ अंशांवर रात्रभर, किंवा १० टक्के उदासीन बफरयुक्त फॉर्मालिनमध्ये एक-दोन दिवस ठेवावा. द्रावणाचे आकारमान नमुन्याच्या किमान वीसपट असावे. बफर नसलेले फॉर्मालिन कालांतराने आम्ल होते आणि हाड विरघळवते. संग्रहालयांतील जुन्या बाटल्यांमधले पाय कधीकधी पूर्ण निळे आणि कुठेही लाल नसलेले निघतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते, आणि तशा नमुन्यावरून प्राणी लहान वयाचा होता असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. बोटे वळलेल्या अवस्थेत स्थिर झाली तर पुढे सरळ होत नाहीत. पहिल्या तासाभरात तळवा मेणाच्या तबकडीवर पसरवून बारीक टाचण्यांनी, ऊतींना न टोचता, बाजूने अडकवून ठेवावा.

दुहेरी अभिरंजन

अख्ख्या पायाचा सांगाडा दोन रंगांनी एका नजरेत दाखवणारी ही पद्धत स्वस्त आहे, जुनी आहे आणि आजही तिला पर्याय नाही. ॲल्शियन ब्लू हा रंग कूर्चेतील सल्फेटयुक्त शर्करा-साखळ्यांना चिकटतो, ॲलिझरिन रेड एस कॅल्शियमला चिकटतो, आणि ट्रिप्सिन हे विकर स्नायू व त्वचा पचवून त्यांना काचेसारखे करते. डिंगरकस आणि उहलर यांनी १९७७ साली मांडलेली विकर-पद्धत थोड्याफार बदलांनी सर्वत्र वापरली जाते.

स्थिर केलेला नमुना आधी पाण्याने नीट धुवावा. पाय तीन-चार सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तर त्वचा सोलून काढावी. बोटांच्या टोकांची त्वचा मात्र तशीच ठेवावी, कारण ती ओढताना शेवटचे पेर सोबत येते आणि नंतर ते मुळातच नव्हते असे वाटते. मग २५, ५०, ७५ आणि ९५ टक्के इथेनॉल अशा चढत्या क्रमाने नमुन्यातील पाणी काढावे. चरबी जास्त असेल तर एक दिवस ॲसिटोनमध्ये ठेवावे. निळ्या रंगासाठी ९५ टक्के इथेनॉल ८० मिलिलिटर, ग्लेशियल ॲसेटिक आम्ल २० मिलिलिटर आणि ॲल्शियन ब्लू ८जीएक्स १० ते २० मिलिग्रॅम असे मिश्रण करून ते गाळून घ्यावे. या रंगाच्या प्रत्येक खेपेचा गुण वेगळा असतो. नवी बाटली उघडली की मौल्यवान नमुन्याआधी एखाद्या बिनमहत्त्वाच्या पायावर चाचणी घ्यावी.

किती वेळ ठेवायचे याला छापील उत्तर नाही. दोन-तीन सेंटिमीटरच्या अळीला सहा ते बारा तास पुरतात, प्रौढाच्या पायाला एक ते दोन दिवस लागतात. बोटांची पेरे गडद निळी झाली आणि मनगट अजून फिके असले तरी थांबण्याचा मोह योग्य असतो, कारण प्रत्येक वाढीव तासाला आम्ल खनिज खात असते आणि सर्वांत आधी जातो तो लांब हाडाभोवतीचा नुकताच तयार झालेला पातळ थर, म्हणजे बहुतेक अभ्यासांत जो पाहायचा असतो नेमका तोच. बाहेर काढल्यावर ९५ टक्के इथेनॉल दोन-तीनदा बदलून जादा रंग धुवावा आणि नमुना काही तास संपृक्त बोरॅक्स द्रावणात ठेवून उरलेले आम्ल उदासीन करावे. ही पायरी अनेक जण वगळतात आणि मग लाल रंग चढत नाही म्हणून ॲलिझरिनच्या बाटलीला दोष देतात.

अस्थिभवनाची (हाड तयार होण्याची) पहिली चिन्हे हाच प्रश्न असेल तर आम्लाचा मार्गच सोडावा. झेब्राफिशसाठी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आम्लरहित पद्धतीत ७० टक्के इथेनॉलमध्ये ॲल्शियन ब्लू आणि मॅग्नेशियम क्लोराइड घालतात. आम्लाऐवजी हे क्षार रंगाला कूर्चेपुरते मर्यादित ठेवते, आणि ॲलिझरिन त्याच द्रावणात मिसळता येते. सॅलॅमँडरच्या अळ्यांना ही पद्धत चांगली मानवते. जाड पायांत निळा रंग खोलवर जात नाही, ही तिची मर्यादा आहे.

यानंतर नमुना उतरत्या इथेनॉलमधून पाण्यात आणावा. गडद रंगाच्या प्राण्यांतील काळी रंगद्रव्ये घालवण्यासाठी ०.५ ते १ टक्का पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये १ ते ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घालून तेजस्वी प्रकाशात ठेवतात. इथे नमुन्यापासून हलू नये. ऊतींच्या आत वायूचे बुडबुडे तयार होतात आणि पंधरा मिनिटांच्या चहाला गेलेला माणूस परत येईपर्यंत अळीची बोटे आतून फुटलेली असतात. हे मी ऐकीव सांगत नाही. बाटलीचे झाकण सैल ठेवावे, बुडबुडे मोठे होऊ लागताच नमुना साध्या पाण्यात काढावा, आणि शक्य असेल तर मुळातच पांढऱ्या वाणाचे प्राणी निवडून ही पायरी टाळावी.

पारदर्शकतेसाठी ३० भाग संपृक्त बोरॅक्स द्रावण आणि ७० भाग पाणी यांच्या मिश्रणात सुमारे १ टक्का ट्रिप्सिन घालून नमुना त्यात ठेवावा. द्रावण निळे किंवा गढूळ झाले की बदलावे. अळीला काही तास, प्रौढाच्या पायाला अनेक दिवस लागतात. स्नायूंमधून हाडाची कड स्पष्ट दिसू लागली की थांबावे. आणखी एक रात्र ठेवू, अधिक स्वच्छ होईल, या विचाराने सांधे सुटतात आणि सकाळी तळाशी सुट्या पेऱ्यांचा ढीग मिळतो. मग ०.५ ते १ टक्का पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ॲलिझरिन रेडचे साठा-द्रावण थेंबाथेंबाने घालून पाणी गडद जांभळे करावे आणि नमुना काही तास ते रात्रभर ठेवावा. शेवटी पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि ग्लिसरीन यांची ३:१, १:१, १:३ अशी मिश्रणे आणि अखेर शुद्ध ग्लिसरीन हा क्रम घ्यावा. प्रत्येक मिश्रणात नमुना तळाशी बसेपर्यंत थांबावे. तो तरंगत असेल तर ग्लिसरीन अजून आत गेलेले नाही. साठवणीच्या बाटलीत थायमॉलचा एक स्फटिक टाकला की बुरशी येत नाही. ॲसेटिक आम्ल, फॉर्माल्डिहाइड आणि पेरॉक्साइड यांची सर्व कामे फ्यूम हूडखाली (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) हातमोजे घालून करावीत.

तयार नमुना वाचणे

रंगवलेला पाय सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की सगळे उघड दिसेल असे वाटते, प्रत्यक्षात खरे कौशल्य इथे लागते. नमुना ग्लिसरीनमध्ये पूर्ण बुडवून खालून दुधी काचेतून प्रकाश द्यावा. मनगटाचे दोन घटक जुळलेले आहेत की एकावर एक आलेले आहेत, हे वरून पाहून सांगता येत नाही. नमुना मऊ चिमट्याने कलता करून तीन दिशांनी पाहावा : एकमेकांवर आलेले घटक फिरवताना एकमेकांवरून सरकतात आणि त्यांच्या दोन स्वतंत्र कडा दिसतात, जुळलेल्या घटकांची बाह्यरेषा सलग राहते, आणि पुष्कळदा मध्ये कमरेसारखी एक खाच असते. त्या खाचेत निळ्या रंगाची फिकट रेघ दिसली तर ते घटक अपूर्ण जुळलेले म्हणून वेगळ्या रकान्यात नोंदवावेत. ‘जुळलेले’ आणि ‘सुटे’ एवढेच दोन रकाने ठेवले तर मधल्या अवस्था मोजणाऱ्याच्या मनाप्रमाणे इकडेतिकडे जातात.

निसर्गातही हे घटक सर्व प्राण्यांत सारखे नसतात. कॅलिफोर्नियातील खरखरीत कातडीच्या न्यूटांच्या एकाच वस्तीतील शेकडो प्राण्यांचे पाय तपासून १९९५ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मनगट व घोट्याच्या मांडणीत मोठी विविधता आढळली, आणि ती विविधता स्वैर नव्हती. ठरावीक घटकच पुन्हा पुन्हा जुळत होते. म्हणून प्रयोगाच्या गटात चार पायांत जुळणी दिसली म्हणजे औषधाचा परिणाम दिसला, असे घाईने म्हणू नये. त्याच वाणाच्या, त्याच वयाच्या, न छेडलेल्या पायांत ती किती वेळा दिसते हे आधी मोजलेले हवे. मोजणाऱ्याला कोणता पाय कोणत्या गटातील आहे हे माहीत नसावे, आणि निदान काही नमुने महिन्याभराने पुन्हा मोजून स्वतःच्याच दोन मोजण्यांतील फरक पाहावा.

लांबी मोजताना टोके कोणती धरली ते लिहून ठेवावे. लाल भागाची लांबी आणि कूर्चेच्या टोपणांसह पूर्ण लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली अस्थिभवन किती झाले ते सांगते, दुसरी हाडाचा आकार सांगते. ग्लिसरीनमध्ये नमुना थोडा आकसतो, त्यामुळे ताजे आणि ग्लिसरीनमधले नमुने एकाच तक्त्यात मिसळू नयेत. प्राण्याच्या आकाराशी तुलना करायची असेल तर तुंडापासून (थुथनाच्या टोकापासून) अवसारणी छिद्रापर्यंतची (शेपटीच्या मुळाशी असलेल्या उत्सर्जन-छिद्रापर्यंतची) लांबी भूल दिलेली असतानाच मोजून ठेवावी.

मायक्रो-सीटी

त्रिमितीय आकार किंवा खनिजाची घनता हवी असेल तर नमुना अभिरंजनाला देण्याआधी मायक्रो-सीटीत, म्हणजे क्ष-किरणांनी लहान वस्तूचे त्रिमितीय चित्र घेणाऱ्या यंत्रात, घालावा. पाय आगरोजमध्ये बसवावा किंवा ओलसर ठेवून नळीत घट्ट बांधावा, कारण तासाभराच्या चित्रणात तो केसभर हलला तरी सर्व कडा दुहेरी होतात, आणि सुकला तर कूर्चा आकसून सांध्यांची अंतरे बदलतात. त्रिमितीय बिंदूचा आकार मोजायच्या भिंतीच्या जाडीपेक्षा बराच लहान हवा. ३० मायक्रोमीटर जाडीची हाडाची भिंत २० मायक्रोमीटरच्या बिंदूंनी मोजली तर येणारा आकडा निव्वळ अंदाज असतो. घनतेसाठी हायड्रॉक्सिॲपटाइटचा ज्ञात घनतेचा ठोकळा त्याच मांडणीत चित्रित करावा.

साध्या चित्रणात कूर्चा दिसत नाही. पहिले चित्रण पूर्ण झाल्यावर नमुना आयोडीनच्या लुगॉल द्रावणात किंवा फॉस्फोटंग्स्टिक आम्लात काही दिवस ठेवून दुसरे चित्रण घेता येते. आयोडीन स्नायूंत अधिक आणि कूर्चेत कमी शोषले जाते, त्यामुळे कूर्चा उजळ स्नायूंमधील गडद आकार म्हणून ओळखावी लागते. तीव्र आयोडीनने ऊती आकसतात आणि फॉस्फोटंग्स्टिक द्रावण आम्ल असल्याने खनिजाला धक्का लावते, म्हणून हा क्रम उलटा करू नये. आयोडीन नंतर सोडियम थायोसल्फेटने काढून टाकता येते.

सूक्ष्मछेद

पेशींच्या पातळीवरचा प्रश्न असेल, म्हणजे कूर्चापेशी फुगल्या आहेत का, हाडाचा थर बाहेरून चढतो आहे की आतून, सांध्याची पोकळी खरी आहे की रंगाची फसवणूक, तर छेदांना पर्याय नाही. लहान अळ्यांचे पाय तसेच कापता येतात. प्रौढांचे पाय १० ते १४ टक्के ईडीटीए (कॅल्शियम बांधून घेणारे रसायन), पीएच ७.४, मध्ये एक ते तीन आठवडे ठेवून कॅल्शियम काढावे. आम्लाने हेच काम दिवसभरात होते, पण पुढे जनुकांची किंवा प्रथिनांची ओळख पटवायची असेल तर आम्ल महागात पडते. पॅराफिनमध्ये बसवताना तळवा साच्याच्या तळाला समांतर राहील याची काळजी घ्यावी; १५ अंशांचा कलही चौथे बोट छेदातून गायब करतो. पाच ते सात मायक्रोमीटरचे छेद घेऊन सॅफ्रॅनिन-ओ व फास्ट ग्रीन यांनी रंगवले की कूर्चा लाल आणि हाड हिरवे दिसते. अख्ख्या पायात लाल म्हणजे हाड आणि इथे लाल म्हणजे कूर्चा, हा गोंधळ नवख्यांकडून हमखास होतो. तेव्हा प्रत्येक चित्राखाली रंगाचे नाव लिहावे.

वय ठरवण्यासाठी बोटाच्या पेऱ्याच्या मध्यभागाचे आडवे छेद घेऊन त्यांतील वाढ थांबल्याच्या रेषा मोजण्याची पद्धत सॅलॅमँडरांत रूढ आहे. ऋतूंप्रमाणे वाढ मंदावते तेव्हा अशी रेषा पडते, त्यामुळे स्थिर तापमानात वाढलेल्या प्राण्यांत तिच्यावर विसंबू नये. पुन्हा उगवलेल्या बोटात तुटण्याआधीच्या वर्षांच्या रेषा नसतातच, म्हणून वय कमी भरते. संशय असेल तर दुसऱ्या पायाचे बोट तपासावे.

जिवंत प्राण्यात हाडाची वाढ आणि पुनर्जनन

एकाच प्राण्यात हाड कसे वाढते ते पाहण्यासाठी कॅल्सीनसारखा प्रदीप्त रंग वापरता येतो. सुमारे ०.१ टक्क्याचे, पीएच ७ वर आणलेले कॅल्सीन द्रावण अंधारात करून लहान प्राण्याला त्यात दहा मिनिटे सोडावे आणि नंतर रंग उतरणे थांबेपर्यंत स्वच्छ पाणी बदलत राहावे. त्या दिवशी जिथे खनिज उघडे असेल तिथे हिरवी खूण बसते. काही आठवड्यांनी ॲलिझरिनची लाल खूण दिली की दोन्हींमधील अंतर म्हणजे मधल्या काळातील वाढ. त्वचेच्या रंगद्रव्यांनी खूण झाकली जाते, म्हणून इथेही पांढरे प्राणी सोयीचे.

पुनर्जननाचा प्रयोग करताना छेदाची पातळी हाडाच्या संदर्भाने ठरवावी, म्हणजे ह्युमरसच्या मध्यावर किंवा रेडियस-अल्नाच्या मध्यावर, आणि त्वचेवरील अंदाजाने ठरवू नये. कापल्यावर मऊ ऊती मागे सरकतात आणि हाडाचे टोक बाहेर येते. ते छाटून जखमेच्या पातळीवर आणले नाही तर त्वचा त्यावरून नीट पसरत नाही आणि नवी वाढ वाकडी होते. छाटलेले टोक टाकून देऊ नये, तो त्याच प्राण्याचा शून्य दिवसाचा नमुना असतो. नमुने दिवसांवर न गोळा करता अवस्थांवर गोळा करावेत : लहान कळी, शंकूसारखी कळी, चपटी पट्टी, पहिल्या दोन बोटांची खाच, आणि सर्व बोटे. लहान प्राणी यांतून काही आठवड्यांत जातो, मोठ्याला कित्येक महिने लागू शकतात, त्यामुळे ‘तिसावा दिवस’ या शब्दांना आकार आणि तापमान सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

जुन्या आणि नव्या हाडाच्या सांध्याचा भाग मुद्दाम पाहावा, कारण तिथे हाडाची रेषा पुष्कळदा वाकलेली किंवा जाडी बदललेली असते आणि पाय कुठे तुटला होता हे वर्षांनंतरही त्यावरून कळते. आणि एक विसंगती लक्षात असू द्यावी : जो ॲक्सोलॉटल अख्खा पाय नव्याने उभा करतो, तोच न तुटलेल्या पायातील हाडाचा मोठा तुकडा मधूनच काढला तर ती पोकळी आपणहून भरून काढत नाही. म्हणून अस्थिभंगाचा प्रयोग आणि छेदाचा प्रयोग यांचे निकाल एकाच तक्त्यात बसवू नयेत.

एकाच प्राण्याच्या पायांतून जास्तीत जास्त माहिती काढायची असेल तर मी पुढील क्रम वापरतो : जिवंतपणी कॅल्सीनची खूण, मग स्थिरीकरण, साधे मायक्रो-सीटी, गरज असेल तर आयोडीनसह दुसरे चित्रण, आणि त्यानंतर उजवा पाय दुहेरी अभिरंजनाला व डावा ईडीटीएमधून छेदांना. कॅल्सीनची चमक पाहायची असेल तर ती मायक्रो-सीटीनंतर लगेच, ईडीटीएच्या आधी छायाचित्रित करावी, कारण ज्या कॅल्शियमला ती चिकटलेली असते तेच ईडीटीए काढून नेते. बाटलीवरील चिठ्ठी पेन्सिलने लिहावी आणि ती बाटलीच्या आत टाकावी; बाहेर चिकटवलेली शाई इथेनॉलच्या पहिल्याच थेंबाने उतरते.